रमलेले आणि जुंपलेले : मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
पुणे परिसरातील माहिती-तंत्रज्ञान व सेवा कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांचे प्रमुख,
हिंजवडी, खराडी, बाणेर आणि मगरपट्टा.

विषय : एंगेजमेंट सर्व्हेच्या आकड्यात दडलेले कामाचे व्यसन.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की आपल्या कंपन्यांमध्ये दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे अप्रेझलचे अर्ज भरले जातात आणि दुसरीकडे एंगेजमेंट सर्व्हेची, म्हणजे कर्मचारी कामात किती मनापासून गुंतलेले आहेत हे मोजणाऱ्या प्रश्नावलीची, लिंक प्रत्येकाच्या मेलवर येते. तिच्या मागोमाग आठवण करून देणारे मेल येतात आणि शेवटच्या दोन दिवसांत टीम लीड एकेकाच्या जागेपाशी जाऊन ‘भरला का?’ म्हणून विचारतो. हे सगळे मी २४ वर्षे केले आहे. प्रश्नावल्या निवडल्या, आकड्यांचे रंगीत तक्ते केले, संचालकांपुढे ते मांडले आणि टक्केवारी वाढली की पेढेही वाटले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यामुळे आता जे लिहीत आहे ते बाहेरून टीका करणाऱ्याचे लिखाण नाही, तर आपल्याच टेबलापलीकडे बसलेल्या एका बाईचे आहे, असे समजून वाचावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या आकड्याला आपण कर्मचाऱ्यांची कामातील समरसता म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळी माणसे एकाच रकान्यात बसवली जातात. एकाला काम आवडते म्हणून तो कामात असतो. दुसऱ्याला काम सोडवत नाही म्हणून तो कामात असतो. आपली प्रश्नावली या दोघांना वेगळे करत नाही, आपली बक्षिसे बहुतेक वेळा दुसऱ्याला मिळतात, आणि पहिला ते पाहून काय शिकायचे ते शिकतो.

सुरुवातीच्या काळात घरी ‘सध्या एंगेजमेंटचे काम चालू आहे’ असे मी म्हटले की सासूबाई उत्सुकतेने ‘कोणाची?’ असे विचारत. त्यांचा गैरसमज हसण्यावारी नेला, पण या शब्दाला सर्वमान्य मराठी प्रतिशब्द आपण कधी रुळवला नाही, ही गोष्ट तशीच राहिली. कोणी ‘सहभाग’ म्हणतो, कोणी ‘बांधिलकी’, कोणी ‘तादात्म्य’. खरे तर या फरकासाठी आपल्या बोलीत दोन उत्तम क्रियापदे आधीपासून आहेत. माणूस कामात रमतो आणि माणूस कामाला जुंपला जातो. लांबून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच खाली मान घालून बसलेले दिसतात. रमलेल्याला हाक मारली तर तो मान वर करतो; जुंपलेल्याच्या मानेवर जू असते. या पत्रात मी हेच दोन शब्द वापरणार आहे; संशोधनाविषयी लिहिताना रमण्याला समरसता आणि जुंपले जाण्याला कामाचे व्यसन म्हणेन.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या चुकीचा आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी, ज्या कंपनीचे नाव मी येथे घेणार नाही तेथे, आम्ही एका तरुण टीम लीडला वर्षातील सर्वोत्तम कर्मचारी म्हणून गौरवले. त्याने वर्षभरात एकही रजा घेतली नव्हती. गणपतीत गावी गेला तेव्हाही लॅपटॉप घेऊन गेला होता आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री त्याने परदेशी क्लायंटचा कॉल घेतला होता. हे सारे मी स्वतः मंचावरून कौतुकाने वाचून दाखवले. त्याचा सर्व्हेतील गुणांकही विभागात सर्वांत वरचा होता. (सर्व्हे गोपनीय असतो, हे आपण कर्मचाऱ्यांना सांगतो. तो कोणापासून गोपनीय असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.) त्यानंतर सात महिन्यांनी त्याने हातात दुसरी नोकरी नसताना राजीनामा दिला. निरोपाच्या मुलाखतीत मी त्याला ठरलेले प्रश्न विचारले आणि त्याने ठरलेली उत्तरे दिली. उठता उठता मात्र तो म्हणाला, “मॅडम, घरी बसलो की मला भीती वाटायची. कोणी काही विचारले आणि मी तिथे नसलो तर?”

त्या संध्याकाळी मी त्याची प्रश्नावली पुन्हा काढली. त्यात खोटे काहीच नव्हते. ‘काम करताना वेळ कसा जातो ते कळत नाही’ या विधानापुढे त्याने सर्वोच्च गुण दिले होते आणि ते खरेच होते. आम्ही जे विचारले होते त्याला त्याने प्रामाणिक उत्तरे दिली होती. त्याला जे होत होते, ते आम्ही विचारलेच नव्हते.

या दोन संकल्पनांचा उगम पाहिला तरी त्यांच्यातले अंतर लक्षात येते. ‘वर्कोहोलिक’ हा शब्द वेन ओट्स या अमेरिकन धर्मोपदेशक आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकाने दारूच्या व्यसनासाठीच्या शब्दावरून बेतला आणि १९७१ पासून तो सर्वत्र रूढ झाला. ओट्स यांनी तो स्वतःवरून घडवला होता. मद्यपीला जशी दारू, तसे आपल्याला काम, अशी ती कबुली होती. आज आपण हाच शब्द मुलाखतीला आलेल्या उमेदवाराच्या तोंडून स्वतःचा गुण म्हणून ऐकतो आणि मान डोलावतो. एंगेजमेंटची कल्पना मात्र १९९० साली विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाच्या लेखातून आली. त्यांनी उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शकांचे आणि एका वास्तुरचना कंपनीतील माणसांचे निरीक्षण केले होते. माणूस शरीराने, बुद्धीने आणि भावनेने आपल्या कामात केव्हा उतरतो आणि केव्हा स्वतःला मागे खेचून घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना तीन अटी दिसल्या : कामाला अर्थ असावा, स्वतःचे खरे रूप दाखवण्यात धोका नसावा, आणि त्या कामासाठी लागणारी शारीरिक व मानसिक शक्ती माणसापाशी शिल्लक असावी.

तिसऱ्या अटीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते, कारण तिचा आपल्याला सोयीस्कर विसर पडलेला आहे. अर्थासाठी आपण कंपनीची मूल्ये भिंतीवर रंगवतो, सुरक्षिततेसाठी तक्रारपेटी ठेवतो. पण शक्ती शिल्लक राहण्याची जबाबदारी मात्र कर्मचाऱ्याच्या माथी मारतो आणि त्याला महिन्यातून एकदा झूमवर प्राणायाम शिकवतो. जो माणूस कामाच्या व्यसनापायी झोप, जेवण आणि माणसे गमावतो, तो समरसतेची तिसरी अट स्वतःच्या हाताने मोडत असतो. म्हणजे आज तो आपल्या तक्त्यात सर्वांत समरस दिसत असला, तरी उद्या समरस होण्यासाठी त्याच्याजवळ काही उरणार नसते.

नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठातील विल्मार शौफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकाचे सर्वांत नेटके मोजमाप केले आहे. समरसतेची त्यांनी तीन अंगे मानली : ऊर्जा, समर्पण आणि तल्लीनता. कामाच्या व्यसनाची दोन : प्रमाणाबाहेर काम करणे, आणि आतून येणाऱ्या सक्तीने काम करणे. यांतले दुसरे अंग महत्त्वाचे आहे, कारण नुसते तास पुष्कळ जणांचे जास्त असतात. कोणाचे गृहकर्ज असते, कोणाच्या प्रकल्पाची मुदत जवळ आलेली असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एका डच दूरसंचार कंपनीतील ५८७ व्यवस्थापकांची पाहणी होती. कामाचे व्यसन, कामाने आलेला थकवा आणि समरसता या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यातून दिसले. व्यसनी आणि समरस, दोघेही जादा काम करत होते. परंतु व्यसनाच्या बाजूला खालावलेले आरोग्य आणि विस्कटलेले नातेसंबंध होते, तर समरसतेच्या बाजूला याच्या उलट चित्र होते.

तीन वर्षांनी त्याच परंपरेतील आणखी एका अभ्यासात १,२४६ डच कर्मचाऱ्यांच्या प्रेरणा तपासल्या गेल्या. समरस माणसे मुख्यतः कामातच गोडी वाटते म्हणून काम करताना आढळली. व्यसनी माणसांची प्रेरणा वेगळी होती : बाहेरची मोजपट्टी त्यांनी न पचवता गिळलेली होती आणि ती आतून टोचत होती. काम केले तर आपण लायक, नाही केले तर नालायक, असा तो हिशोब. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य लोक गेल्यावरही ज्याच्या डोक्यात चालू राहते, त्याची ही गोष्ट आहे.

याच अभ्यासात आणखी एक गट सापडला आणि त्याच्याविषयी मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण तो माझ्या मांडणीला थोडा अडचणीचा आहे. काही माणसे रमलेलीही असतात आणि जुंपलेलीही. ती सर्वांत जास्त तास काम करतात, पण नुसत्या जुंपलेल्यांइतकी थकलेली नसतात. कामाची गोडी त्यांना काही प्रमाणात सांभाळून घेते, असे संशोधकांना वाटले. आपल्यापैकी बरेच जण स्वतःला याच गटात धरत असतील, मीही धरत असे. मात्र गोडी ही कायमची ठेव नसते. प्रकल्प बदलतो, चांगला मॅनेजर दुसरीकडे जातो, कामातला अर्थ आटतो, आणि सवय तेवढी मागे राहते. माझ्या त्या टीम लीडला पहिली तीन वर्षे काम खरोखर आवडत होते, हे त्याच्या जुन्या प्रश्नावल्यांवरूनही दिसत होते. गोडी कधी संपली, हे आमच्या आकड्याला कळले नाही, कारण आकडा दोन्ही काळांत सारखाच राहिला.

तो सारखा का राहिला, याचे उत्तर प्रश्नावलीतच आहे. २०१९ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा समरसता आणि कामाचे व्यसन या बऱ्याच अंशी स्वतंत्र गोष्टी ठरल्या. त्यांची हद्द एकमेकींत मिसळते ती तल्लीनतेच्या अंगाशी. शौफेली यांच्या मूळ १७ विधानांच्या प्रश्नावलीत सोळावे विधान कामापासून स्वतःला बाजूला काढणे कठीण जाते, अशा अर्थाचे आहे, आणि त्याला मिळालेले गुण समरसतेत मिळवले जातात. नऊ विधानांच्या संक्षिप्त आवृत्तीत ते नाही. आपल्यापैकी ज्या कंपन्या परदेशी सल्लागारांकडून तयार प्रश्नावली विकत घेतात, त्यांनी निदान हे एवढे उघडून पाहावे की, काम सुटत नाही असे म्हणणाऱ्याला त्यात अधिक गुण मिळतात की धोक्याची खूण मिळते. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीच्या सुप्रसिद्ध १२ प्रश्नांमध्ये कामाच्या ठिकाणी जिवलग मित्र आहे का, हेसुद्धा विचारलेले असते; मात्र घरी गेल्यावर काम डोक्यातून उतरते का, हे त्यांत कुठेही नाही. त्या १२ प्रश्नांचा तो हेतू नाही, हे मान्य. पण मग त्यांच्या उत्तरावरून आपण तो निष्कर्ष काढू नये.

यावर आपल्याकडून येणारे उत्तर मला पाठ आहे, कारण ते मीच अनेकदा दिले आहे : ‘आम्ही कोणालाही थांबवून ठेवत नाही, लोक आपणहून बसतात.’ ते खरेही आहे. परंतु आपणहून बसणे हाच तर या विकाराचा गाभा आहे. आणि ‘आपणहून’ हा शब्द आपल्या कार्यालयांत कसा तयार होतो, तेही आपण जाणतो. युटिलायझेशनचा, म्हणजे कोणाचे किती तास क्लायंटच्या कामात लागले याचा, तक्ता दर सोमवारी सर्वांना दिसेल असा लावला जातो. अमेरिकी क्लायंटची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे दिवसाचे खरे काम साडेसहानंतर सुरू होते. रात्री साडेअकराला मॅनेजर ‘नो रश’ असे लिहून मेल पाठवतो आणि अकरा पस्तीसला उत्तर देणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो. बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसण्याची भीती प्रत्येकाच्या मानेवर असते. अशा हवेत कोणी आपणहून उशिरा थांबला, तर ते त्याच्या स्वभावाचे फळ किती आणि हवेचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

त्यात वरून येणारे आवाज आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांचा आकडा काढला, रविवारी काम करवून घेता येत नाही याची खंत व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असेही विचारले. या विधानांवर पुरेशी चेष्टा झाली आहे. ती मी वाढवणार नाही. मला त्यांतली एक बाजू खुपते. दोघांच्याही वाक्यांत तास हे निष्ठेचे माप आहे. माणूस त्या तासांत कोणत्या मनाने बसला आहे, हा प्रश्न त्यांत येतच नाही, आणि मनुष्यबळ विभाग म्हणून आपले सारे शास्त्र जर कशासाठी असेल तर ते याच प्रश्नासाठी आहे.

रविवारचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणीचे काम काही सुखाचे नव्हते. साचेखात्याच्या आवाजाने त्यांचा एक कान पन्नाशीतच गेला. पण गिरणीला भोंगा होता. तो पाळी सुरू झाल्याचे सांगे, तसा संपल्याचेही सांगे, आणि संपल्यावर काम त्यांच्या मागे घरी येत नसे, कारण साचा डब्यात घालून आणता येत नाही. त्या भोंग्यामागेही मोठा झगडा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. लोखंडे ज्याच्याशी भांडले तो मालक समोर होता. आज फोन खिशात असतो आणि मालकाचा आवाज कर्मचाऱ्याने स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. त्याच्याविरुद्ध निवेदन द्यायचे कोणाला?

कायद्याची येथे मर्यादित मदत होते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना विषयक २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट मोबदला आणि तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच जादा काम, अशी तरतूद होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि तिमाहीतील जादा कामाची १४४ तास करण्यास मंजुरी दिली. याविषयी माझे मत प्रतिकूल आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले आहे. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. असे कायदे व्हावेत. तरीही कायदा मालकाने मागितलेले तास मोजतो. न मागता उघडलेला लॅपटॉप कोणत्याही हजेरीपत्रकात येत नाही, त्यामुळे ती जबाबदारी शेवटी आपल्याकडेच उरते.

जुलै २०२४ मध्ये आपल्याच शहरात २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल मुलीचा नोकरीला लागल्यावर चार महिन्यांत मृत्यू झाला आणि सप्टेंबरमध्ये तिच्या आईचे कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्या मृत्यूच्या कारणाविषयी मी काही म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण ते पत्र वाचताना एक जुनी सवय मला छळत राहिली : अशी मुलगी माझ्याकडे असती, तर पहिल्या तिमाहीच्या तक्त्यात मी तिला कोणत्या रंगात दाखवले असते? मला खात्री आहे की हिरव्या.

आता फायद्या-तोट्याची भाषा, कारण संचालक मंडळापुढे शेवटी तीच चालते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळतो. आरोग्याचे सोडा, उत्पादन तरी वाढते का? स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या, तेव्हा ७० तास राबणाऱ्यांचे उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. वरचे १४ तास गेले कुठे, हे कोणीही कामगार सांगू शकेल. बसून डोक्याने काम करणाऱ्यांना हे जसेच्या तसे लागू पडत नाही, असा आक्षेप घेता येईल. माझा अनुभव असा की रात्री अकरानंतर लिहिलेला कोड सकाळी दोघे मिळून दुरुस्त करतात. २०१६ मध्ये कामाच्या व्यसनावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही या व्यसनाचा ताण, थकवा आणि घर-काम यांतील ओढाताणीशी स्पष्ट संबंध दिसला आणि कामगिरीशी मात्र ठळक संबंध दिसला नाही.

मला सर्वांत जास्त हसवले आणि खजील केले ते तेव्हा बोस्टन विद्यापीठात असलेल्या एरिन रीड यांच्या २०१५ च्या संशोधनाने. एका बड्या सल्लागार कंपनीत त्यांनी पाहिले की काही पुरुष खरोखर आठवड्याला ८० तास काम करत होते आणि काही जण गुपचूप आपले काम आटोपशीर करून, जवळचे क्लायंट निवडून, मुलांना वेळ देऊन, केवळ ८० तास काम करणाऱ्यासारखे दिसत होते. वरिष्ठांना या दोघांतला फरक ओळखता आला नाही. ज्यांनी उघडपणे सवलत मागितली, त्यांचे मूल्यांकन मात्र घसरले. म्हणजे शिक्षा कमी कामाला झाली नाही, ती कबुलीला झाली. कान यांची दुसरी अट, स्वतःचे खरे रूप दाखवण्याची सुरक्षितता, येथेच मोडते.

स्त्रियांच्या बाबतीत हे गणित आणखी वाकडे आहे. आपल्या कंपन्यांत काम करणारी बाई सात वाजता बसने निघाली, तर तिला टीममध्ये ‘थोडी कमी एंगेज्ड’ म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे आणि तेव्हा गप्प राहिले आहे. ती घरी पोहोचून कुकर लावते, मुलांचा अभ्यास घेते आणि दहा वाजता पुन्हा लॉगिन करते. तिचे काम पूर्ण होते, बहुतेकदा वेळेआधी होते. पण रात्री नऊला मजल्यावर दिसणाऱ्याला मिळणारे कौतुक तिच्या वाट्याला येत नाही, आणि मग तीही हळूहळू दिसण्याची व्यवस्था करू लागते. मजल्यावर दिसता येत नसेल तर मध्यरात्री मेल पाठवून. जूच ते, फक्त घरात बसून ओढलेले.

तेव्हा माझ्या काही विनंत्या आहेत. सर्वांना सर्व जमणार नाहीत, हे मी जाणते. प्रश्नावलीत दोनच विधाने वाढवा : ‘रजेवर असताना मला अपराधी वाटते’ आणि ‘काम नसताना मला स्वस्थ बसवत नाही’. अशीच विधाने शौफेली यांच्या कामाच्या व्यसनाच्या मापनपट्टीत आहेत, त्यामुळे ती काही माझ्या डोक्यातून निघालेली नाहीत. यांची उत्तरे समरसतेच्या बेरजेत धरू नका, शेजारी वेगळी ठेवा. ज्या टीममध्ये दोन्ही आकडे एकदम वर आहेत, तिच्या मॅनेजरशी बोला, आणि त्याला बक्षीस देण्याआधी बोला. त्याच बरोबर रजांची नोंद उघडा. कायद्याने ४५ दिवसांपर्यंत रजा साठवता येते आणि आपल्याकडे ती साठवण्याला काटकसर समजले जाते. माझ्या मते सलग दोन वर्षे पूर्ण साठा असलेला कर्मचारी हा विभागप्रमुखाच्या कामगिरीवरचा शेरा आहे. मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये त्याच्या टीमने घेतलेल्या रजा मोजा आणि त्या रजांमध्ये त्याने पाठवलेले मेलही मोजा. सर्व्हरवर ती नोंद आहेच, आपण आजवर ती दुसऱ्याच कामासाठी वापरली.

एक गोष्ट मात्र करू नये असे मला वाटते. जुंपलेल्या माणसाला समुपदेशकाकडे पाठवून मोकळे होऊ नका. काहींना त्याची गरज असेलही. परिपूर्णतेचा अतिरेकी हट्ट घरून घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत आणि मी त्यांतलीच एक आहे. पण ज्या दिवशी तो समुपदेशकाकडून परत येतो, त्या दिवशी युटिलायझेशनचा तक्ता तिथेच लटकत असतो.

आणि एक अगदी लहान विनंती, जिला खर्च शून्य आहे. येत्या एप्रिलमध्ये आपल्या वार्षिक मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘वर्षभरात एकही रजा न घेतल्याबद्दल’ असा सत्कार असेल, तर तो वगळावा. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हाती असलेल्या त्या कागदावरची भाषा बहुधा अजूनही तीच असेल. ती २००९ मध्ये मी लिहिली होती आणि नोकरी बदलणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर ती बऱ्याच कंपन्यांत पोहोचली, असे मला नंतर कळले. तेवढा परिच्छेद मी परत मागते आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मनुष्यबळ व्यवस्थापिका
कोथरूड, पुणे